पूर्वग्रह : शब्द आणि शिक्षा

मराठी सार्वजनिक जीवनात काही शब्द असे आहेत, की ते नेहमी दुसऱ्यालाच लागू पडतात. ‘पूर्वग्रह’ हा त्यांपैकी एक. सरकारवर टीका झाली की प्रवक्ता ती पूर्वग्रहदूषित ठरवितो; पुस्तकावर प्रतिकूल परीक्षण आले की लेखकाला परीक्षकाचा पूर्वग्रह दिसू लागतो; चौकशी समितीचा अहवाल विरुद्ध गेला की समितीच पूर्वग्रहदूषित असल्याचे पत्रक निघते. आपल्या मनात पूर्वग्रह आहे, असे सांगणारा मनुष्य मात्र सहसा भेटत नाही. भेटतो तो ‘माझा त्यांच्याविषयी काही पूर्वग्रह नाही, पण...’ अशी सुरुवात करणारा. आणि त्या ‘पण’नंतर जे येते ते बहुधा पूर्वग्रहाचेच निवेदन असते.

शब्दाची ही अवस्था केवळ भाषेच्या अभ्यासकांनी खंत करावी एवढ्यापुरती नाही. एखादा शब्द वादविवादातील सोयीचे हत्यार बनला, की ज्या वस्तुस्थितीसाठी तो घडला तिच्याकडे बोट दाखविण्यास शब्द उरत नाही. ज्यांच्यापाशी पत्रके काढण्याची सोय आहे ते पूर्वग्रहाची तक्रार उठता-बसता करतात. ज्यांच्या बाबतीत निकाल आधी व चौकशी नंतर असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांच्या वाट्याला मात्र हा शब्द येत नाही. त्यांच्याविषयीचे मत हे मत म्हणून ओळखलेच जात नाही. ते ‘अनुभव’ म्हणून, ‘माहिती’ म्हणून, कित्येकदा सरकारी दप्तरातील नोंद म्हणून वावरते. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ कोणता आणि तो कोठे लागू करावयाचा, हे तपासणे व्यवहाराच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

ग्रह आणि बाध

‘ग्रह’ म्हणजे घेणे, धरणे, पकडणे. आग्रह, निग्रह, संग्रह, अनुग्रह ही सारी त्याच धातूची अपत्ये. मराठीत ‘ग्रह होणे’ म्हणजे समजूत होणे. ती चुकीची असेल तर गैरग्रह, आणि चूक दाखवून दिल्यावरही सोडली नाही तर दुराग्रह. या मालिकेत ‘पूर्वग्रहा’चे वैशिष्ट्य असे, की समजूत खरी की खोटी, चांगली की वाईट, याचा त्यात उल्लेखच नाही. उल्लेख आहे तो फक्त वेळेचा. पाहण्यापूर्वी, ऐकण्यापूर्वी, तपासण्यापूर्वी मन जे धरून बसते तो पूर्वग्रह. म्हणजे दोष मताच्या आशयात नसून क्रमात आहे. आधीच धरून ठेवलेले मत योगायोगाने खरे ठरले म्हणून त्याचे पूर्वग्रहपण जात नाही. आणि नीट चौकशी करूनही चुकलेले मत पूर्वग्रह ठरत नाही, ती साधी चूक असते.

याच कारणाने पूर्वग्रह अनुकूलही असू शकतो, आणि हे सहसा लक्षात येत नाही. नीटनेटका पोशाख, प्रमाण बोली आणि ओळखीचे आडनाव यांच्या जोरावर ज्याच्या थैलीची झडती कोणी घेत नाही, त्यालाही पूर्वग्रहाचाच लाभ होत असतो. लाभाविषयी कोणी तक्रार करीत नाही, एवढेच.

आपल्या बोलीत या भावकुळातील इतरही शब्द आहेत. पण त्यांची गल्लत करणे योग्य नाही. अढी किंवा आकस यांना काही पूर्वेतिहास असतो. बांधावरून भांडण झालेले असते, लग्नात मानपान चुकलेला असतो, माणूस ओळखीचा असतो. पूर्वग्रहाला ओळखीची गरज नाही. किंबहुना ओळख नसेल तेथेच तो अधिक सुखाने नांदतो. पक्षपात हा ज्याच्या हाती वाटप किंवा न्याय आहे त्याचा दोष. भेदभाव ही प्रत्यक्ष कृती. द्वेषही पूर्वग्रहाला आवश्यक नाही. एखाद्या जमातीविषयी मनापासून कळवळा असलेला मनुष्यदेखील ‘त्यांना दुसरे काही जमतच नाही हो’ असे म्हणतो, तेव्हा त्या कळवळ्याच्या पोटात पूर्वग्रहच असतो.

इंग्रजीतील ‘प्रेज्युडिस’ या शब्दाचा इतिहास येथे उद्‌बोधक आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा सरळ अर्थ पूर्वनिर्णय असा होतो. रोमन कायद्यात मुख्य दाव्याच्या आधी निकालात काढावयाच्या प्राथमिक प्रश्नाला ते नाव होते, आणि हा प्रश्न पुष्कळदा माणसाच्या दर्जाविषयीचा असे : समोरचा मनुष्य स्वतंत्र आहे की गुलाम? म्हणजे हा शब्द जन्मला तो मनात नव्हे, न्यायासनापुढे. पुढे त्याला हानी, नुकसान असाही अर्थ चिकटला, आणि इंग्रजी कायद्याने तो आजतागायत सोडलेला नाही. तडजोडीची बोलणी चालू असताना वकील पत्राच्या माथ्यावर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ असे लिहितात. त्याचा अभिप्राय असा, की या पत्रातील मजकुरामुळे आमच्या अशिलाच्या हक्काला धक्का लागू नये. कायद्याच्या कलमांतही हा शब्दप्रयोग ठायी ठायी आढळतो, आणि मराठी राजभाषेत त्याचे भाषांतर ‘बाध न येता’ किंवा ‘बाध न आणता’ असे केले जाते.

हे भाषांतर उत्तम आहे. पण त्यामुळे एका शब्दाचे दोन झाले. ‘पूर्वग्रह’ मानसशास्त्राच्या वाट्याला गेला आणि ‘बाध’ कायद्याच्या. इंग्रजी शब्दात ‘आधीच दिलेला निकाल’ आणि ‘त्यामुळे झालेली हानी’ ही दोन्ही अंगे एकत्र नांदतात; मराठीत पहिले अंग एका शब्दात राहिले, दुसरे भलत्याच शब्दात जाऊन बसले. परिणाम असा, की ‘पूर्वग्रह’ हा शब्द ग्रह धरणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावतो, पण ज्याला बाध पोहोचतो तो मनुष्य त्या शब्दात दिसतच नाही. साहजिकच आपली यासंबंधीची सारी चर्चा मनाची मशागत, प्रबोधन, उदार दृष्टी या दिशेने जाते. ती निरर्थक नव्हे. पण ज्याच्या पालावर पहाटे पोलिसांची धाड येते, त्याच्या दृष्टीने हवालदाराच्या मनात काय आहे हा प्रश्न दुय्यम असतो.

कोऱ्या मनाची अट

मन पूर्वग्रहमुक्त असावे, या उपदेशावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पूर्वी काहीच न धरता जगणे कोणाला तरी शक्य आहे काय? एडमंड बर्क याने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना पूर्वग्रहांची चक्क बाजू घेतली. पिढ्यांचे साचलेले शहाणपण त्यांत असते आणि ऐनवेळी तेच उपयोगी पडते, असे त्याचे म्हणणे होते. जर्मन तत्त्वचिंतक गाडामर याने १९६० मध्ये निराळ्या वाटेने तोच मुद्दा मांडला. पूर्वसमजुतींवाचून आकलनाला प्रारंभच होत नाही, आणि पूर्वग्रह म्हणजे केवळ त्याज्य वस्तू असे मानणे हाही प्रबोधनयुगाचा एक पूर्वग्रहच होय, असे त्याने दाखवून दिले.

आपल्याकडची म्हण याहून थोडक्यात तेच सांगते : शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक शीत दाबून पाहणारी गृहिणी उपाशीच राहील. मात्र ही परीक्षा खरी ठरते याचे कारण भाताची सारी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेली असतात. माणसे अशी शिजत नाहीत. एका जमातीत जन्मलेल्या दोघांचे भांडेही वेगळे आणि आचही वेगळी. म्हण भाताला लागू आहे. तिच्या आधारे वस्तीची परीक्षा करणे हा म्हणीचा दुरुपयोग आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑल्पोर्ट यांनी १९५४ मधील आपल्या ग्रंथात या दोहोंतील सीमारेषा स्पष्ट केली. आधी बांधलेला प्रत्येक अंदाज हा पूर्वग्रह नव्हे. नवी माहिती समोर आल्यावरही जो बदलत नाही तो पूर्वग्रह. ही कसोटी उपयुक्त आहे, पण तीही माणसाच्या मनाचीच कसोटी आहे. मन बदलले की नाही हे पाहणार कोण, आणि ते बदलेपर्यंत समोरच्या माणसाने काय करावे?

या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर तत्त्वज्ञांपेक्षा न्यायपद्धतीने दिले आहे. न्यायाधीशाचे मन कोरे असावे अशी अट कायदा घालीत नाही. तशी घातली तर न्यायासने ओस पडतील. कायदा एवढेच म्हणतो, की मनात काहीही असो, त्याला पुराव्याचा दर्जा मिळणार नाही. दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल नाही, आणि आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर. पूर्वग्रहाशी झगडण्याचा माणसाने शोधलेला हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे. कारण तो माणसाच्या चांगुलपणावर विसंबून नाही, क्रमावर विसंबून आहे. निकाल ‘पूर्वी’ नको, ‘नंतर’ हवा. शब्दातील दोष जेथे आहे तेथेच हा उपाय नेमका लागू होतो.

एक वर्ष, दोन कायदे

हा मार्ग ठाऊक असूनही तो कोणासाठी खुला ठेवावयाचा आणि कोणासाठी बंद, हे ठरविण्यात पूर्वग्रह कसा काम करतो, याचे उदाहरण आपल्याच देशाच्या विधिग्रंथांत आहे. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा हे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचे काम. फौजदारी खटल्यात आरोपीचे चारित्र्य वाईट आहे ही गोष्ट, त्याने स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा पुढे केलेला नसेल तर, अप्रस्तुत मानावी, असे त्या कायद्याने सांगितले. गावात लौकिक वाईट आहे, तेव्हा ही चोरीही यानेच केली असणार, असा तर्क न्यायालयाने करू नये. २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा नव्या साक्ष अधिनियमाने घेतली आहे. पण त्यातही हे तत्त्व कायम राहिले आहे.

तेच स्टीफन गव्हर्नर जनरलच्या मंडळात विधिसदस्य असताना, पुरावा कायद्याच्या अवघे एक वर्ष आधी, १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा संमत झाला. त्याच्या समर्थनार्थ मांडला गेलेला युक्तिवाद असा : हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो, तेव्हा येथे वंशपरंपरेने गुन्हा हाच धंदा असलेल्या जातीही असणारच. या एका ‘असणारच’वर कायदा उभा राहिला. प्रांतिक सरकारने एखाद्या जमातीला गुन्हेगार म्हणून घोषित करावे, तिच्या लोकांची नोंदवही ठेवावी, त्यांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून हद्द ओलांडू नये. आणि ती घोषणा योग्य की अयोग्य हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. एका कायद्याने सिद्ध झालेला वाईट लौकिकही अप्रस्तुत ठरविला. दुसऱ्याने केवळ जन्म हाच निर्णायक पुरावा मानला. पूर्वग्रहाची याहून नेमकी व्याख्या कोणत्याही कोशात सापडणार नाही.

हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय करण्यात आली. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यासह सर्व देशाला लागू करण्याची तरतूद झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. मुंबई इलाख्यात अशा जमातींना ज्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले, त्यांत सोलापूर हे प्रमुख होते. तेथील ‘सेटलमेंट’ हा शब्द शहराच्या बोलीत व पत्त्यांत पुढेही टिकून राहिला. हजेरीची वेळ चुकली तर शिक्षा, आप्ताच्या मयताला जायचे तर परवाना. गुन्हा केला की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते, कारण उत्तर नोंदवहीत आधीच लिहिलेले होते.

पूर्वग्रहाने होणारा बाध सुशिक्षित मराठी समाजाला अपरिचित होता, असे मात्र म्हणता येणार नाही. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा लेख मराठी आणि ज्यूरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे, अशी स्थिती होती. नऊ ज्यूरर्समध्ये सात युरोपियन व दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन मतांनी दोषी असा लागला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांना ज्याची भाषा येत नाही त्यांनी त्याचा निकाल द्यावा, हा अन्याय साऱ्या महाराष्ट्राने ओळखला; मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी संप केला. पण टिळकांना निदान खटला मिळाला होता. स्वतःची बाजू ते दिवसच्या दिवस मांडू शकले. कैकाडी, पारधी, भामटा, छप्परबंद या समाजांच्या संबंधात खटलाच नव्हता. होती ती राजपत्रातील एक अधिसूचना.

शब्दकोशातील निकाल

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या शासकीय यादीत चौदा विमुक्त जाती असून त्यांना आरक्षण आहे. मात्र १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा केला. कागदावर त्याचे स्वरूप निराळे होते. त्यात जमातीचा नव्हे तर व्यक्तीच्या वारंवार झालेल्या शिक्षांचा विचार होता. परंतु जुन्या नोंदवहीवर पोसलेल्या नजरेला नवा कायदा जुन्याच माणसांवर लावणे अवघड नव्हते. वंशभेदाच्या निर्मूलनासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने २००७ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचे हे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली, ती त्यामुळेच.

कायदा रद्द करता येतो. भाषेतील निकाल रद्द करण्याची तारीख कोणी ठरवीत नाही. ‘वृद्धेचे दागिने लांबविणारा भामटा गजाआड’ असा मथळा मराठी वृत्तपत्रांत नित्य दिसतो. भामटा ही शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतील एका समाजाची संज्ञा आहे, हे तो मथळा लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. निर्ढावलेल्या माणसाला आपण ‘बेरड’ म्हणतो. बेरड हेही त्याच यादीतले नाव. ‘उचल्या’ म्हणजे हातचलाखीने वस्तू लांबविणारा. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले, तेव्हा ज्या शब्दाने समाज त्यांना जन्माआधीच ओळखत होता तो त्यांनी मुखपृष्ठावर आणून ठेवला. जातीच्या नावावरून सामान्यनाम झाले की सामान्यनामावरून जात ओळखली जाऊ लागली, हा व्युत्पत्तीचा वाद येथे महत्त्वाचा नाही. परिणाम एकच : त्या समाजातील मुलगा शाळेत आपले नाव सांगतो तेव्हा ते नाव उच्चारताच वर्गाला त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्याने काही करण्यापूर्वीच कोशाने निकाल दिलेला असतो. आणि दैव असे विचित्र, की तेच नाव जातीच्या दाखल्यावर असल्यावाचून त्याला त्याच्या हक्काची सवलतही मिळत नाही.

एखादी वस्तू सापडली नाही की पहिली नजर गावाबाहेरच्या पालांकडे जाते, याचे मूळ अशा शब्दांत आहे. तेथे मुद्देमाल मिळाला तर समजूत पक्की होते. न मिळाला तर ‘लपवला असेल’ म्हणून तीच समजूत पक्की होते. ऑल्पोर्टची कसोटी येथे पूर्ण उतरते : कोणतीही नवी माहिती ज्याचा पराभव करू शकत नाही, असा हा ग्रह आहे.

फाशीच्या दोरापर्यंत

यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी दिलेला एक निकाल पाहावा. महाराष्ट्रात २००३ मध्ये दरोडा, बलात्कार व खून असा अत्यंत निर्घृण गुन्हा घडला. त्यात भटक्या जमातींतील सहा मजूर आरोपी झाले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना पुन्हा फाशीच दिली. पुढे तो निकाल मागे घेऊन प्रकरणाची फेरसुनावणी झाली, तेव्हा सहाही जण निर्दोष ठरले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरंभीच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळ्याच माणसांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. हे सहाजण समाजाच्या तळच्या थरातील भटके, अतिशय गरीब मजूर असल्याने त्यांना खोटेपणी गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. राज्य शासनाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि चुकार अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करावी, असा आदेश झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. या प्रकरणात ती शब्दशः खरी होता होता राहिली. ज्यांनी गुन्हा केला ते मोकळे राहिले, हेही त्याच पूर्वग्रहाचे फळ. पूर्वग्रह केवळ निरपराध्याला बाध आणतो असे नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या न्यायालाही तो बाध आणतो. पोलीस खात्याच्या कार्यक्षमतेची काळजी वाहणाऱ्यांनी तरी हा मुद्दा विसरू नये. संशयिताची यादी हाताशी तयार असते, तेथे तपास करण्याचे कष्ट कोण घेणार?

या प्रकरणात निदान न्यायालय होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे तेही नव्हते. आठवड्याच्या बाजारात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अफवेने आग लावली हे खरे. पण अफवा कोणाच्याही अंगाला चिकटत नाही. अनोळखी पोशाख, परकी बोली, पाठीवर बिऱ्हाड, ठावठिकाणा नाही, अशांच्याच अंगाला ती चिकटते. अफवा नवी होती, पण तिला हवा असलेला ग्रह जुना होता.

क्रम बदलण्याची गरज

या बाबतीत परिस्थिती मुळीच बदललेली नाही, असे म्हणणे हाही एक प्रकारचा पूर्वग्रह ठरेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले. ‘सराईत गुन्हेगार’ या संज्ञेचा विमुक्त जमातींशी जोडलेला संबंध तोडण्यास सांगितले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. वरवर पाहता ही कारकुनी दुरुस्ती वाटेल. वस्तुतः ती मर्मावर ठेवलेले बोट आहे. ज्या देशात एका नोंदवहीने जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या, तेथे नोंदवहीतील एक रकाना पुसणे हे शंभर प्रबोधनपर भाषणांहून अधिक मोलाचे असू शकते.

याच वाटेने आणखी पुष्कळ जाता येईल. चोरीची खबर आल्यावर कोणत्या पुराव्यावरून कोणत्या वस्तीची झडती घेतली, हे ठाण्याच्या दप्तरात लिहून ठेवणे तपास अधिकाऱ्याला भाग पडले पाहिजे. ‘संशयावरून’ एवढा शब्द पुरेसा मानला जाऊ नये. अटकेच्या बातमीत आरोपीची जमात सांगण्याचे वृत्तपत्रांना काही कारण नाही, आणि फसविणाऱ्याला फसविणारा म्हणण्यास मराठीत शब्दांचा तुटवडा नाही : ठग आहे, लफंगा आहे, तोतया आहे. भटक्या कुटुंबाला राहण्याचा दाखला, शिधापत्रिका आणि मुलांना शाळा मिळाली, तर ‘ठावठिकाणा नसलेले’ हे विशेषणच गळून पडेल. आणि ओळखीच्या उजेडात पूर्वग्रहाला फार काळ तग धरता येत नाही. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी प्रथम कोणाचे अंतःकरण शुद्ध व्हावे लागत नाही.

आपले मन निर्मळ आहे, असा निर्वाळा प्रत्येकजण स्वतःला देतच असतो. तो खरा की खोटा हे ठरविण्याची सोय नाही. आपण निकाल केव्हा दिला, ऐकण्यापूर्वी की ऐकल्यानंतर, हे मात्र ज्याचे त्याला सांगता येते आणि दुसऱ्यालाही तपासता येते. ‘पूर्वग्रह’ हा शब्द प्रतिपक्षावर फेकण्याऐवजी या एका प्रश्नापुरता वापरला गेला, तर त्याचा हरवलेला अर्थ त्याला परत मिळेल. आणि ज्यांना आजवर तो शब्दही वाट्याला आला नाही, त्यांची बाजू ऐकली जाण्यास निदान सुरुवात होईल.